मॅक, विंडोज की लिनक्स? कॉम्प्युटरचा खरा खर्च आणि भरवसा कसा जोखायचा

नवा कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की चौकशी बहुतेक एकाच प्रश्नापाशी येऊन अडकते: मॅक घ्यावा की विंडोज? ओळखीत कोणी लिनक्स ही मोफत प्रणाली वापरणारा असेल तर आणखी एका मताची भर. जो तो स्वतःच्या यंत्राचे गुण गातो, आणि घेणारा शेवटी किमतीकडे बघून किंवा कंपनीचं नाव ऐकून निर्णय घेऊन टाकतो. एवढ्यावर निर्णय घेणं धोक्याचं आहे. दुकानात मोजलेली रक्कम ही खर्चाची फक्त सुरुवात असते. आणि भरवसा कंपनीच्या नावावर ठरत नाही, त्या-त्या मॉडेलवर ठरतो.

म्हणून या लेखात दोनच प्रश्न धरून चालू. हे यंत्र मला वापराच्या दर वर्षाला कितीला पडेल? आणि ते बिघडलं तर माझं काम किती दिवस अडेल? या दोन प्रश्नांची उत्तरं पहिल्यांदाच कॉम्प्युटर घेणाऱ्यालाही काढता येतात. त्यासाठी तांत्रिक शिक्षण लागत नाही, कागद-पेन आणि थोडी चिकाटी लागते.

पायरी १: आधी सॉफ्टवेअर, मग यंत्र

कागदावर तुमची कामं लिहा आणि प्रत्येक कामापुढे त्याला लागणारं सॉफ्टवेअर. ही यादी पुष्कळदा अर्धा निर्णय तिथेच करून टाकते. आयफोनसाठी अॅप बनवायचं असेल तर एक्सकोड लागतो आणि तो फक्त मॅकवर चालतो. व्हिडिओ जोडणीचं फायनल कट आणि संगीताचं लॉजिक हेही कॉम्प्युटरांपैकी फक्त मॅकवर चालतात. उलट सॉलिडवर्क्स, रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स ही अभियांत्रिकी आणि रचनेची सॉफ्टवेअर विंडोजसाठीच निघतात. मायक्रोसॉफ्टचं डेटाबेसचं सॉफ्टवेअर अॅक्सेस मॅकवर मिळत नाही, आणि मॅकवरच्या एक्सेलमध्ये पॉवर पिव्हट ही मोठ्या तक्त्यांचं विश्लेषण करणारी सोय नसते. हिशेबाच्या मोठ्या फायली हाताळणाऱ्याला हे आधीच कळलेलं बरं. लिनक्सवर फोटोशॉप थेट चालत नाही. ऑनलाइन परीक्षेवर देखरेख करणारी बरीच सॉफ्टवेअर लिनक्सला नकार देतात, तेव्हा विद्यार्थ्यांनी संस्थेला आधी विचारावं.

यादीत फक्त ब्राउझर, पत्रव्यवहार, दस्तऐवज, व्हिडिओ कॉल आणि सिनेमे एवढंच असेल तर आनंदाची गोष्ट आहे. चारही प्रकारची यंत्रं, म्हणजे विंडोज, मॅक, लिनक्स आणि क्रोमबुक (गूगलच्या प्रणालीवर चालणारे लॅपटॉप), तुम्हाला चालतील. मग निवड खरोखरच खर्च आणि भरवसा यांवर करता येईल.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा. २०२४ पासून स्नॅपड्रॅगन चिपचे विंडोज लॅपटॉप मोठ्या संख्येने आले आहेत. बॅटरी छान टिकते, पण या चिप एआरएम जातीच्या, म्हणजे नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी चिपपेक्षा वेगळ्या रचनेच्या आहेत. साधी सॉफ्टवेअर त्यावर भाषांतर होऊन चालतात, ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणारी सॉफ्टवेअर, मात्र चालत नाहीत. जुना स्कॅनर, शिक्का मारणारं यंत्र, एखादं मोजमापाचं उपकरण जोडायचं असेल तर त्याचा एआरएमसाठी वेगळा ड्रायव्हर आहे का, हे पैसे देण्याआधी बघा.

पायरी २: अपडेट कधी बंद होणार, ही तारीख शोधा

माझ्या मते कॉम्प्युटरच्या बाबतीत विचारायचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे, आणि विक्रेता तो स्वतःहून कधीच काढत नाही. सुरक्षेचे अपडेट थांबले की यंत्र चालू राहतं, पण बँकेचे व्यवहार त्यावर करणं शहाणपणाचं राहत नाही.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षेच्या अपडेटची एका वर्षाची वाढीव सोय ठेवली आहे, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कितीतरी धडधाकट यंत्रं एका तारखेमुळे बाजूला पडली. जुनं यंत्र स्वस्तात मिळतंय म्हणून घेताना प्रोसेसरची पिढी पहिली तपासायची, ती यासाठी.

अॅपल आपल्या यंत्रांची शेवटची तारीख आधी जाहीर करत नाही. नवी मॅकओएस दर वर्षी येते आणि व्यवहारात शेवटच्या तीन आवृत्त्यांना सुरक्षेचे अपडेट मिळत राहतात. २०२५ मध्ये आलेली टाहो ही इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठी शेवटची आवृत्ती आहे. जुना इंटेल मॅक कितीही चकचकीत दिसला तरी त्याचे दिवस मोजलेले आहेत. घ्यायचाच तर अॅपलच्या स्वतःच्या एम१ किंवा त्यापुढच्या चिपचा घ्यावा.

क्रोमबुकचं बरं आहे, प्रत्येक मॉडेलची तारीख गूगल उघड सांगतं. २०२१ पासून आलेल्या क्रोमबुकना १० वर्षं अपडेट मिळतात. ही वर्षं तो प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून मोजली जातात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. सवलतीतलं क्रोमबुक घेताना नेमकी इथे फसगत होते.

उबुंटू या लिनक्सच्या प्रचलित प्रकाराची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघते आणि ५ वर्षं सांभाळली जाते. ती मुदत संपली की पुढची आवृत्ती त्याच यंत्रावर फुकट टाकता येते. बाकीच्यांनी सोडून दिलेल्या यंत्राला लिनक्स आणखी काही वर्षं देतं ते असं.

पायरी ३: दर वर्षाचा खर्च काढा

आता हिशेब. एक ओळ पुरते: किंमत, अधिक पुढे होणारा खर्च, वजा विकताना मिळणारी रक्कम, आणि या सगळ्याला भागायचं वापराच्या वर्षांनी.

समजा एका मध्यम विंडोज लॅपटॉपची किंमत १०० आहे. नाणं कुठलंही धरा. पुढे रॅम (चालू कामासाठीची मेमरी) वाढवायला ७ आणि चौथ्या वर्षी बॅटरीला ८ गेले. पाच वर्षांनी विकून १० आले. एकूण १०५, म्हणजे वर्षाला २१. दुसरीकडे १६० चा मॅक घेतला, तो ८ वर्षं चालला, मध्ये बॅटरीला १५ गेले, शेवटी विकून २० आले. एकूण १५५, वर्षाला १९ च्या थोडं वर. घेताना दीडपटीहून महाग असलेलं यंत्र वर्षाच्या हिशेबात किंचित स्वस्त पडलं.

पण इथेच थांबू नका. हाच हिशेब थोडा हलवून बघा. समजा दोन्ही यंत्रांवर पाणी सांडलं आणि वॉरंटी संपलेली होती. सुट्या भागांच्या विंडोज लॅपटॉपची दुरुस्ती २५ मध्ये झाली, आणि सगळं एकाच बोर्डावर असलेल्या मॅकला ५५ लागले. आता पहिलं वर्षाला २६ ला पडतं आणि दुसरं २६ च्या थोडं वर. फरक पुसला गेला. आणि दुसऱ्या यंत्रावर पाचव्या वर्षीच तुमचं मन उडालं तर ८ वर्षांचा आकडा मुळातच खोटा ठरतो.

तिसरा पर्याय पुष्कळ जण मोजतच नाहीत: कार्यालयातून बाहेर पडलेला, नीट तपासून घेतलेला जुना व्यावसायिक लॅपटॉप. किंमत ४०, नवी बॅटरी आणि एसएसडी (डेटा साठवणारा ड्राइव्ह) मिळून १२, चार वर्षांनी विकून ३. वर्षाला १२ च्या आसपास. ज्याचं काम ब्राउझर आणि दस्तऐवजांपुरतं आहे त्याने हा पर्याय सोडू नये, असं मला ठामपणे वाटतं.

हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या मॉडेलच्या किमती, त्याच्या बॅटरीचा दर, आणि चार-पाच वर्षं जुन्या तशाच मॉडेलला जुन्या बाजारात काय मिळतं, हे शोधून भरा. मॅकला विकताना किंमत चांगली येते ही गोष्ट खरी आहे, पण ती स्वतः बघून आकडा लिहा.

हिशेबात फक्त फरकाच्या गोष्टी धरायच्या. ऑफिसचं वार्षिक वर्गणीचं सॉफ्टवेअर दोन्हीकडे तेवढंच पडत असेल तर ते तुलनेत ओढण्यात अर्थ नाही. पण लिनक्स घेऊन लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरवर काम भागणार असेल तर ती वर्गणी वाचते, तो फरक धरा. उलट एका प्रणालीसाठी आधीच विकत घेतलेलं सॉफ्टवेअर दुसरीकडे पुन्हा घ्यावं लागणार असेल तर तेही लिहा. रॅम आणि साठा यांकडेही इथेच बघा. मॅकमध्ये आणि पातळ विंडोज लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते; पुढे वाढवता येत नाही. म्हणजे पुढच्या पाच-सात वर्षांची रॅम आजच, कंपनी सांगेल त्या भावाने घ्यायची. आज १६ जीबीच्या खाली जाऊ नये, हा माझा सल्ला.

विजेचा खर्च लहान दिसतो, पण डेस्कटॉपच्या बाबतीत साचतो. १२० वॉट घेणारा डेस्कटॉप आणि २० वॉटचा लॅपटॉप रोज ६ तास चालले तर वर्षाला सुमारे २२० युनिटचा फरक पडतो. तुमच्या दराने गुणा.

इथे एक इशारा द्यायला हवा. ‘अमुक प्रणाली स्वस्त पडते हे अभ्यासात सिद्ध झालं आहे’ असं कोणी सांगितलं तर तो हिशेब कुणी आणि कुणासाठी केला ते विचारा. मालकीचा एकूण खर्च मोजायची पद्धत गार्टनर या सल्लागार कंपनीने १९८७ मध्ये रूढ केली, आणि तेव्हापासून तिचा आधार दोन्ही बाजू घेत आल्या आहेत. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने हजारो यंत्रं लिनक्सवर नेली आणि २०१२ मध्ये एक कोटी युरोंहून अधिक वाचल्याचं सांगितलं. मायक्रोसॉफ्टने एचपीकडून करवून घेतलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष बरोबर उलटा होता. २०१७ मध्ये त्याच महापालिकेने विंडोजकडे परतायचं ठरवलं. आयबीएमने २०१६ मध्ये सांगितलं की चार वर्षांत प्रत्येक मॅकमागे कंपनीचे काही शे डॉलर वाचतात. ते खरं असेलही, पण हजारो यंत्रं एकाच पद्धतीने सांभाळणाऱ्या, स्वतःचा मदतकक्ष असलेल्या कंपनीचं गणित एका माणसाच्या टेबलाला तसंच्या तसं लागू होत नाही.

पायरी ४: भरवसा मॉडेलचा तपासा

‘अमुक कंपनीचे लॅपटॉप बिघडत नाहीत’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. अॅपलने २०१५ मध्ये आणलेला बटरफ्लाय कीबोर्ड धुळीच्या कणाने अडकायचा. २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली, आणि २०२२ मध्ये ग्राहकांनी केलेल्या दाव्यात ५ कोटी डॉलर देऊन तडजोड झाली. त्याच कंपनीचे आधीचे आणि नंतरचे कीबोर्ड मात्र उत्तम. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होत होते. २०२४ मध्ये कंपनीने ते मान्य करून वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. म्हणजे नावाजलेल्या घरातही एखादी पिढी खराब निघते.

एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही जमीन-अस्मानाचा फरक असतो. लेनोवोचं थिंकपॅड, डेलचं लॅटिट्यूड (२०२५ पासून नाव डेल प्रो), एचपीचं एलिटबुक या व्यावसायिक मालिका कार्यालयांसाठी बनतात. त्यांची दुरुस्तीची पुस्तिका कंपनीच्या साइटवर मोफत मिळते आणि सुटे भाग वर्षानुवर्षं मिळत राहतात. त्याच कंपन्यांचे स्वस्त घरगुती लॅपटॉप वेगळ्या हिशेबाने बनतात.

स्वस्त लॅपटॉपची बिजागरी हे त्याचं चांगलं उदाहरण. बिजागरीचे स्क्रू पितळेच्या बारीक नळ्यांत बसतात आणि त्या नळ्या प्लॅस्टिकमध्ये रुतवलेल्या असतात. बिजागरी घट्ट आणि प्लॅस्टिक पातळ असेल तर झाकण उघडताना दर वेळी ताण त्या नळ्यांवर येतो. दीड-दोन वर्षांत नळी उपटून येते, झाकणाचा कोपरा फाकतो, आणि कधी पडद्याची केबलही सोबत जाते. दुकानात झाकण एका कोपऱ्याला धरून हळू उघडा. कुरकुर आली किंवा कोपरा वाकताना दिसला तर ते मॉडेल सोडून द्या.

परीक्षणं वाचतानाही भान हवं. पाच ताऱ्यांची बहुतेक परीक्षणं पहिल्या आठवड्यात लिहिलेली असतात. तुम्ही मॉडेलच्या पूर्ण नावासोबत ‘बिजागरी’, ‘चार्जिंग’, ‘गरम’ असे शब्द टाकून शोधा आणि वर्षभरानंतरच्या तक्रारी वाचा. पाच जणांनी पाच वेगळ्या कुरबुरी केल्या असतील तर फार मनावर घेऊ नका. पाच जण एकच गोष्ट सांगत असतील तर घ्या.

ओळखीत कोणाकडे तेच विंडोज मॉडेल असेल तर एक छान साधन हाताशी आहे. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असं शोधलं की यंत्राच्या स्थिरतेचा आलेख उघडतो. १ ते १० अशी रेघ असते, आणि ज्या दिवशी काही कोसळलं तिथे लाल फुली. फुलीवर टिचकी मारा. एखादं सॉफ्टवेअर थांबल्याची नोंद असेल तर दोष सॉफ्टवेअरचा आहे. ‘विंडोज नीट बंद झालं नाही’ किंवा हार्डवेअरची चूक वारंवार दिसत असेल तर यंत्राकडे बोट जातं. मॅकवर कन्सोल अॅपमध्ये क्रॅशचे अहवाल असतात.

दोष कुठल्या थरात आहे हे ओळखणं फार महत्त्वाचं आहे. १९ जुलै २०२४ ला जगभर सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. दोष क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटचा होता, आणि ते सॉफ्टवेअर घरगुती यंत्रांवर सहसा नसतंच. त्यावरून घरच्या विंडोजला नावं ठेवणं चुकीचं ठरेल. लिनक्स महिनोन्‌महिने न थकता चालतं, पण नव्या कोऱ्या लॅपटॉपवर वाय-फाय, झोपेतून जागं होणं किंवा बोटाचा ठसा यांपैकी काहीतरी अडू शकतं. म्हणून लिनक्स टाकण्याआधी ते पेन ड्राइव्हवरून चालवून बघावं. यंत्रातल्या डेटाला हात न लावता सगळं तपासता येतं.

एसएसडीच्या आयुष्याची भीती मात्र उगाच घातली जाते. १ टीबीच्या चांगल्या एसएसडीवर ६०० टेराबाइट लिहिण्याची हमी असते. रोज ३० जीबी लिहिलं तरी ती संपायला ५० वर्षांहून जास्त लागतील. त्याआधी बॅटरी, बिजागरी किंवा चार्जिंगचं पोर्ट जाईल.

पायरी ५: बिघाड झाला तर काय, हे आधीच ठरवा

जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे, वॉरंटीत माणूस घरी येतो की यंत्र पाठवावं लागतं, आणि त्यात किती दिवस जातात, हे घेण्याआधी विचारा. ज्याचं रोजचं काम कॉम्प्युटरवर आहे त्याच्यासाठी दोन आठवडे यंत्र नसणं हाच दुरुस्तीपेक्षा मोठा खर्च असतो. अॅपल एखादं मॉडेल विकणं थांबवल्यानंतर किमान ५ वर्षं त्याचे भाग पुरवते. स्वस्त घरगुती मॉडेलचा मदरबोर्ड तीन वर्षांनी मिळेल का, याची खात्री अनेकदा कोणी देत नाही.

वाढीव वॉरंटी सरसकट घेऊ नका. रोज दप्तरातून फिरणाऱ्या, सगळं एकाच बोर्डावर असलेल्या लॅपटॉपला अपघाती नुकसान भरून देणारी योजना घेण्यात अर्थ आहे. टेबलावरच्या डेस्कटॉपचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा बदलता येतो, त्याला नको.

बॅकअपच्या ड्राइव्हची किंमत मात्र प्रत्येक पर्यायात धराच. हल्लीच्या बहुतेक मॅकमध्ये साठा बोर्डाला जोडलेला आणि त्याच चिपशी कुलूपबंद असतो. बोर्ड मेला तर डेटा काढता येत नाही. नव्या विंडोज ११ यंत्रांवरही मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली की ड्राइव्ह बहुधा आपोआप कुलूपबंद होतो. त्याची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडणारा लांब क्रमांक, त्या खात्यात साठवलेली असते. यंत्र धडधाकट असतानाच ती शोधून कागदावर लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर यंत्राने की मागितली आणि खात्याचा पासवर्डही आठवत नसेल तर डेटा कायमचा जातो.

पायरी ६: जुनं घेताना

मॅक असेल तर आधीच्या मालकासमोरच त्याचं अॅपल खातं काढायला लावा. अॅक्टिव्हेशन लॉक राहिला तर यंत्र निरुपयोगी. कार्यालयातून आलेल्या विंडोज लॅपटॉपला बायॉसचा (यंत्र सुरू होताना चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा) पासवर्ड किंवा कंपनीचं नियंत्रण शिल्लक नाही ना, हे बघा.

मग बॅटरी. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर ‘powercfg /batteryreport’ ही आज्ञा दिली की एक अहवाल तयार होतो. त्यात दोन आकडे असतात: मूळ क्षमता आणि आत्ता पूर्ण भरल्यावरची क्षमता. मूळ ५०,००० आणि आता ३१,००० असेल तर बॅटरी ६२ टक्क्यांवर आली आहे; नवीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये सायकल काउंट, म्हणजे पूर्ण बॅटरीइतका वापर आजवर किती वेळा झाला तो आकडा, दिसतो. हल्लीच्या मॅकबुकची बॅटरी १,००० सायकलपर्यंत ८० टक्के क्षमता टिकवेल अशा हिशेबाने बनते. ड्राइव्हची तब्येत विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर दाखवतं.

पायरी ७: यंत्र घरी आल्यावर

परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते बिलावर बघा आणि त्या दिवसांत यंत्राला भरपूर राबवा. प्रत्येक की दाबा. प्रत्येक पोर्टात काहीतरी लावून बघा. पांढऱ्या आणि काळ्या पडद्यावर मेलेले ठिपके शोधा. झाकण बंद करून तासाभराने उघडा आणि वाय-फाय लगेच जोडलं जातं का बघा. बॅटरी पूर्ण भरून एकदा शेवटपर्यंत वापरा. विंडोज यंत्रावर रात्री मेमरीची चाचणी लावून ठेवा. रॅममध्ये एकही चूक सापडली तर यंत्र बदलूनच घ्या, दुरुस्तीला तयार होऊ नका.

बिल आणि सीरियल नंबर यांचे फोटो काढून ठेवा, आणि ते त्याच कॉम्प्युटरवर न ठेवता फोनमध्ये ठेवा.